लाकूड बांधावरचं, पण किट कोणतं?

कातकामाच्या जोडधंद्यात पेनाचे साहित्य निवडताना

गेल्या वर्षी एका गावी मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झाले आणि शेवटी गावातल्याच एका सुताराच्या मुलाने स्वतः कातलेले बाभळीचे पेन गुरुजींच्या हाती दिले. शाळेच्या आवारातली जुनी बाभूळ वादळात पडली होती, तिच्याच लाकडाचे. गुरुजींचे डोळे पाणावले. टाळ्या पडल्या. सभा उठायच्या आत पाच जणांनी त्या पोराला गाठून सांगितलं, "आम्हालाही असं एक करून दे रे."

चार महिन्यांनी रिफिल संपली. गुरुजी तालुक्याला गेले, चार दुकाने पालथी घातली. ती बारीक, डोक्यावर आट्यांची टोपी असलेली रिफिल कुणाकडेच नव्हती. तोवर क्लिपचा सोनेरी रंगही उडून खालचा धातू दिसायला लागला होता. पेन कपाटात जाऊन पडले. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. "गुरुजींचं पेन बंद पडलं म्हणे," एवढ्यावर पाचातल्या तिघांनी मागणी मागे घेतली.

चूक लाकडाची नव्हती, पोराच्या हाताचीही नव्हती. चूक होती किट निवडण्याची. म्हणून लेथ घेऊन हा उद्योग करू पाहणाऱ्यांसाठी आजचा हा लेख.

किट म्हणजे काय?

लाकडी पेनात लाकूड असते ते फक्त अंगावर. आत पितळी नळी, पुढे धातूचे टोक, वर क्लिप आणि टोपी, मध्ये रिफिल आतबाहेर करणारी फिरकी किंवा खटका. हे सगळे सुटे भाग एका पिशवीत मिळतात, त्याला किट म्हणतात. आपण लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचे, नळी डिंकाने आत बसवायची, तुकडा लेथवर कातून किटच्या भागांना जुळेल एवढा बारीक करायचा, पॉलिश द्यायचे आणि भाग दाबून बसवायचे. झाले पेन.

लेथवर लाकूड कातणे आपल्याला नवे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळे कुणी पाहिली नाहीत? जिथे कातारी आहे, तिथे पेन होऊ शकते. नवे आहे ते किटचे गणित, आणि तिथेच लोक फसतात.

वेळ तेवढाच, मोल वेगळे

नवशिका म्हणतो, आधी स्वस्तातले घेऊ, हात बसला की बघू. शिकायला दोन-चार स्वस्त किट घ्या, हरकत नाही. पण विकायचे पेन त्यात बसवू नका. का, ते हिशेबानेच पाहू. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानदाराचा भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा स्वस्त किट १५० रुपयांचे, मधले ४०० चे आणि भारी १,२०० चे. डिंक, पॉलिश, वीज, डबी मिळून पेनामागे ८० रुपये धरा. दहा पेनांत एक फुकट गेले असेही धरा. म्हणजे दहांचा खर्च नऊ पेनांवर पडणार.

स्वस्त पेनाचा खर्च येतो सुमारे २५६ रुपये. ते ४०० ला गेले तर हाती १४४ रुपये. मधल्याचा खर्च ५३३, विक्री ८५० धरली तर हाती ३१७. भारी पेनाचा खर्च १,४२२, विक्री १,८०० धरली तर हाती ३७८.

आता बघा. तिन्ही पेनांना कातायला, घासायला आणि पॉलिशला वेळ जवळपास सारखाच लागतो. स्वस्तात मजुरी निम्म्याहून कमी पडते. भारीत मधल्यापेक्षा साठेक रुपये जास्त मिळतात खरे, पण दहा पेनांसाठी पावणेतेरा हजार अडकून बसतात आणि अठराशेचे पेन घेणारे गिऱ्हाईक आठवडी बाजारात भेटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथेही खरे. धंदा सुरू करणाऱ्याने मधल्या भावाचे किट धरावे.

पण "मधला भाव" एवढ्यावर भागत नाही. मधल्या भावातही खरे-खोटे असते. ते पारखायचे कसे?

पहिली पारख : रिफिल

किट बघताना सगळ्यांची नजर आधी चकाकीवर जाते. ती आवरा. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, "यात रिफिल कोणती बसते?"

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारे किट म्हणजे ७ मिलिमीटर नळीचे, ज्याला स्लिमलाइन म्हणतात. त्याला क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते. ती आपल्याकडे खेड्यापाड्यांत सहसा मिळत नाही. गुरुजींच्या पेनाचे घोडे अडले ते इथेच. उलट पार्कर पद्धतीची रिफिल तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळते. तिची लांबी साधारण ९८ मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर. हे माप जगभर ठरलेले आहे आणि अनेक कंपन्या त्या मापाच्या रिफिली काढतात. म्हणून एक नियमच करून टाका : पार्करची रिफिल बसत नसेल, तर ते किट आपल्या कामाचे नाही.

मधल्या भावात असे तीन प्रकार चांगले चालतात. सिएरा प्रकारात लाकडाचा एकच तुकडा लागतो. भोक सुमारे १०.७ मिलिमीटरचे. एकच तुकडा म्हणजे एकच भोक, एकच कातकाम, आणि लाकडाच्या रेषा मध्ये तुटत नाहीत. नवशिक्याला हाच प्रकार सोयीचा. दुसरा सिगार. यात दोन तुकडे, १० मिलिमीटरचे भोक आणि अंगाने जाड. नांगर-कुदळ धरलेल्या जाड बोटांना हे पेन बरोबर बसते. तिसरा बोल्ट प्रकार. बंदुकीच्या खटक्यासारखा दांडा सरकवून टोक बाहेर काढायचे, भोक ३/८ इंचाचे. तरुण गिऱ्हाईक हातात घेतले की खटखट वाजवत बसते आणि खाली ठेवत नाही.

स्लिमलाइनची आणखी एक अडचण. त्याच्या टोकाशी नळीभोवती लाकूड उरते ते एक मिलिमीटरच्याही आत. पटाशी जरा घसरली की नळी उघडी पडली. जाड किटमध्ये पेन हातात भरते आणि लाकूडही नीट दिसते.

दुसरी पारख : मुलामा

क्लिप आणि टोकावरचा सोनेरी रंग दोन प्रकारचा असतो. एक, खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा. दिसायला सुंदर, पण मऊ. रोज घामाचा हात लागला की झिजतो. दुसरा टायटॅनियम नायट्राइडचा, दिसायला सोन्यासारखाच पण कठीण आणि टिकाऊ. पिशवीवर "२४ कॅरेट" लिहिले म्हणजे उत्तम, असे समजू नका. रोज वापरायच्या पेनाला क्रोम किंवा टायटॅनियमचा मुलामा घ्यावा. क्रोम पांढरे दिसते आणि काळपट लाकडावर उठूनही दिसते. सोन्याचा मुलामा ठेवा कपाटात मिरवायच्या पेनासाठी.

तिसरी पारख : आतला जीव

नमुन्याला आधी दोनच किट मागवा, वीस नको. हातात आली की एवढे बघा. नळी पितळेची आहे ना? आटे धातूचे आहेत की प्लॅस्टिकचे? प्लॅस्टिकचे आटे वर्षभरात सैल पडतात. फिरकी किंवा खटका पन्नास वेळा चालवा. अडकते, करकरते, मध्येच घसरते, तर ते किट परत. क्लिप जाड कापडाच्या खिशाला लावून बघा. रिफिल घालून टोक बाहेर काढा आणि कागदावर टेकवा. टोक आत हलत असेल तर लिहिताना टकटक वाजते, आणि लिहिणारा माणूस पहिल्या ओळीतच नाक मुरडतो.

चौथी पारख : एकच प्रकार धरा

हे कुणी सांगत नाही, म्हणून नीट ऐका. प्रत्येक किटचे भोक वेगळे, म्हणून ड्रिल वेगळे. कातताना दोन्ही टोकांना माप दाखवणारी बुशेही वेगळी. पाच प्रकारची किटे घेतली की पाच जोड बुशे आणि पाच ड्रिल आली. शिवाय हात एकाही मापाला बसत नाही. पहिले वर्ष एकच प्रकार, एकच मुलामा, लाकडे मात्र वेगवेगळी. सुट्या नळ्याही मिळतात, दहा-वीस जादा मागवून ठेवा. जोडणीच्या आधी लाकूड फुटले तर नळीच जाते, बाकीचे किट वाचते.

लाकूड वाळलेले हवे

किट कितीही चांगले असो, ओल्या लाकडाने त्याची माती होते. लाकूड वाळताना आकसते, पितळ आकसत नाही. पावसाळ्यात बसवलेला दमट तुकडा चैत्राच्या उन्हात उभा चिरतो, तोही गिऱ्हाइकाच्या खिशात.

तुकडे साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर चौरस कापा. टोकांना मेण लावा आणि सावलीत, वारा लागेल असे रचा. दर आठवड्याला घरातल्या छोट्या वजनकाट्यावर तोला. वजन उतरायचे थांबले की तुकडा तयार समजा. बाभूळ, चिंच, शिसव, फणस, जुन्या माडाचा गाभा, यांचे रंग आणि रेषा फार देखण्या.

नळी बसवण्याआधी तिला काचकागदाने खरखरीत करा. तोंड बटाट्याच्या चकतीत दाबा म्हणजे बटाट्याचा बूच बसतो आणि डिंक आत शिरत नाही. दोन नळ्यांतून मिसळायचा एपॉक्सी डिंक वापरा. घाई नसेल तर तोच भरवशाचा. लाखेचे पॉलिश लेथवर झटकन चकाकते, पण घामाने मंद पडते. झटपट चिकटणाऱ्या सायनो डिंकाचे पातळ थर देऊन घासलेले पेन जास्त टिकते. कातताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते, झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी. पेनासाठी झाड तोडायची गरजही नाही. सुताराच्या दुकानातले तुकडे, मोडका पाट, जुन्या बैलगाडीचे जू, वाड्याची पडलेली तुळई, यांतून शेकडो पेने होतात. बाहेरदेशी माल पाठवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, शिसवाच्या कुळातल्या सगळ्या जातींच्या व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. चौकशी केल्याशिवाय पार्सल करू नका.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे कारागीर येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि सवलतीचे कर्ज अशी तिची रचना आहे, आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी आपल्या गावच्या सुताराचा अर्ज अडकला नाही ना, एवढे बघावे. कारागिरांनीही एक ध्यानात ठेवावे, किट हे अवजार नव्हे. तो कच्चा माल आहे, आणि त्याचे पैसे धंद्यातूनच उभे राहायला हवेत.

आणि सत्काराला दरवेळी शहरातून चकचकीत ढाल आणायची, ती भिंतीवर धूळ खाणार. त्याऐवजी गावच्या लाकडाचे, गावच्या हाताचे पेन दिले तर? पैसा गावातच राहील आणि माणूस रोज सही करताना गाव आठवेल. मात्र देताना जादा रिफिल डबीत घालून द्या. खर्च थोडा, पण मान राहतो.

त्या सुताराच्या पोराचे पुढे काय झाले? त्याने गुरुजींचे पेन परत मागून घेतले. दाबून बसवलेले भाग हलक्या हाताने ठोकून काढले. पण सात मिलिमीटरच्या नळीवरचे लाकूड जाड किटला पुरणार कसे? बाभळीचा एक तुकडा त्याने जपून ठेवला होता. त्याचे नवे पेन केले, सिएरा प्रकारचे, क्रोम मुलाम्याचे, पार्कर रिफिलचे. पैसे घेतले नाहीत. गुरुजींनी ते खिशाला लावले आणि ग्रामसभेला आले. मागे फिरलेल्या तिघांपैकी दोघे त्याच संध्याकाळी सुताराच्या पडवीत जाऊन बसले.

वाचकहो, लाकूड आपल्या बांधावर आहे, कसब आपल्या हातात आहे. बाहेरून आणायचे ते एवढेसे किट. ते तेवढे पारखून आणा.