फिस्टुलाची थरथर थांबली तर?

तळेगाव ढमढेरेहून डायलिसिससाठी पुण्याला जायचे, तर आधी शिक्रापूर गाठावे लागते. पुढे नगर रस्ता आणि वाघोलीची कोंडी. आठवड्यातून दोन-तीनदा ही फेरी, शिवाय दर वेळी मशीनवर चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयात उपचार मोफत झाले, तरी प्रवास चुकत नाही. तिथे पोहोचल्यावर फिस्टुला बंद पडल्याचे कळले, तर फेरी वाया जातेच, वर मौल्यवान वेळही गेलेला असतो. खरे तर हे घरीच, सकाळी अंथरुणात कळू शकते.

डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त लागते. हातावरची साधी नीला एवढे रक्त देऊ शकत नाही. म्हणून सर्जन हातातली रोहिणी नीलेला जोडतात. रोहिणीतला जोर नीलेत उतरतो, ती फुगते, जाड होते आणि मोठी सुई पेलू लागते. हीच फिस्टुला. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. ती तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. तोवर मानेतल्या कॅथेटरवर भागवावे लागते आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोका बराच जास्त. ‘बघू नंतर’ म्हणत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे इथे महागात पडते.

फिस्टुलावर हलकेच बोटे ठेवली, की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर जाणवते. ती रोज सकाळ-संध्याकाळ तपासावी. जुलाब-उलट्या झाल्या किंवा रक्तदाब उतरला, की गुठळी होण्याची शक्यता वाढते. तेव्हा जास्त वेळा. थरथर लागली नाही, तर पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच केंद्राला फोन करावा. पहिल्या एक-दोन दिवसांत गुठळी काढून फिस्टुला वाचण्याची आशा असते. नंतर बहुधा नवीनच करावी लागते, आणि त्यासाठी चांगल्या नीला मोजक्याच असतात.

त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये. घट्ट बांगड्या, घड्याळ नको. दुधाचा कॅन किंवा उसाची मोळी त्या हाताने उचलू नये, त्यावर डोके ठेवून झोपू नये. सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवावा.

जरा अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची सवय गावोगाव आहे. मूत्रपिंडाचा आजार कळलेल्या माणसाने तरी ती सोडावी. मनगटापासून वरच्या नीलेत टोचलेली प्रत्येक सुई उद्याच्या फिस्टुलाची जागा खराब करू शकते. सलाईन लागलेच, तर पंज्याच्या मागच्या बाजूला लावायला सांगावे.

फिस्टुलावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली भरेना, तर त्याच दिवशी दाखवावे. तिथून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. तसा झालाच तर टॉवेल गुंडाळू नये. टॉवेल रक्त शोषतो, दाब मात्र पोहोचत नाही. नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबून धरावे, हात वर उचलावा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगावे.