फोनवरचा आवाज वेबवर जातो कसा?

फोनवर चाललेले बोलणे त्याच वेळी वेबवर ऐकवायचे म्हटले, की आधी विचार होतो तो इंटरनेटचा. घोडे अडते मात्र त्याच्या बरेच अलीकडे, टेलिफोनच्या तारेपाशी.

लँडलाइन येते ती तांब्याच्या दोन तारांवरून. रिसीव्हर खाली असताना या तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि घंटी वाजताना त्यावर पाऊणशे-नव्वद व्होल्टचा एसी चढतो. अशी लाइन थेट कंप्युटरच्या साउंड कार्डला जोडली, तर पहिल्याच घंटीला कार्ड जळायचे. म्हणून मध्ये ६०० ओमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात. त्यातून आवाज तेवढा पलीकडे जातो, डीसी अलीकडेच राहतो आणि अर्थिंगमुळे येणारी घरघरही थांबते. घंटीचा झटका झेलायला झेनर डायोड लावतात.

खरी मेख पुढेच आहे. त्याच दोन तारांवरून दोघांचेही बोलणे एकदम धावत असते. नुसता फाटा काढून आवाज घेतला, तर स्टुडिओत जागच्या जागी बोलणारा निवेदक दणदणीत ऐकू येतो आणि लांबून झिजत आलेला पलीकडचा आवाज त्याच्याखाली दबतो. हा गुंता सोडवणारे उपकरण म्हणजे हायब्रिड. स्टुडिओतून लाइनवर काय गेले, हे त्याला ठाऊक असते. लाइनवरून आलेल्या मिश्रणातून तेवढेच ते वजा करते. उरतो तो फोन करणाऱ्याचा आवाज. पण प्रत्येक लाइनची लांबी आणि जोड निराळे, त्यामुळे वजाबाकीही दर वेळी निराळी. जुन्या हायब्रिडवर ती खुंटी फिरवून, कानाने जुळवावी लागे. डिजिटल हायब्रिड ती स्वतःच जुळवते: काही यंत्रे लाइन लागताच क्षणभर ‘खर्र’ असा आवाज सोडतात आणि परत काय येते ते मोजतात. अमेरिकेत स्टीव्ह चर्च यांच्या टेलॉस कंपनीने १९८०च्या दशकात हे तंत्र रेडिओ स्टुडिओत आणले.

हायब्रिडमधून आवाज मिक्सरवर येतो. इथे उलटी वाटही बघावी लागते, कारण फोनवरच्या माणसालाही स्टुडिओ ऐकू यायला हवा. त्याच्याकडे सगळे पाठवायचे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. याला मिक्स-मायनस म्हणतात. साध्या मिक्सरवर हे ऑक्स सेंडने, म्हणजे प्रत्येक चॅनेलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर पाठवण्याच्या सोयीने जमते: बाकी चॅनेलच्या ऑक्सच्या खुंट्या वर आणि फोनच्या चॅनेलची शून्यावर. ती एक खुंटी शून्यावर आणायची राहिली, की बोलणाऱ्याचेच शब्द त्याच्या कानात घुमू लागतात आणि प्रकरण शिट्टीपर्यंत जाते.

पुढचे काम आवाज दाबून त्याचा वेबसाठी प्रवाह करणाऱ्या एन्कोडरचे. साध्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. एक्स्चेंज सेकंदाला त्याचे ८,००० नमुने घेते, प्रत्येक ८ बिटचा. म्हणजे ६४ किलोबिट. एवढ्या अरुंद आवाजासाठी १२८ किलोबिटचा स्टिरिओ प्रवाह ही उधळपट्टी. एमपी३ मोनो ३२ किलोबिटवर भागते. २०१२मध्ये प्रमाणित झालेले ओपस त्याहूनही कमीत स्वच्छ बोलते.

एन्कोडरकडून आलेला प्रवाह आइसकास्टसारखा सर्व्हर श्रोत्यांना वाटतो. नवा श्रोता आला, की त्याला वाट बघावी लागू नये म्हणून आइसकास्ट मागचा साठलेला सुमारे ६४ किलोबाइट आवाज एकदम देतो. १२८ किलोबिटला हा साठा चार सेकंदांचा, पण ३२ किलोबिटला तोच सोळा सेकंदांचा होतो. म्हणजे प्रवाह हलका केला, तर श्रोता आणखी मागे पडतो. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हा साठा कमी करता येतो. तरी काही सेकंदांचा फरक उरतोच. म्हणून फोन जोडण्याआधी पलीकडच्याला दोन गोष्टी सांगायच्या: तुमचे बोलणे आता सर्वांना ऐकू जाणार आहे आणि तुमच्याकडे चालू असलेला वेबचा आवाज बंद करा.

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या पॅकेटांतून जातो, त्यामुळे स्टुडिओच्या टोकाला हायब्रिड लागत नाही. मिक्स-मायनस मात्र तिथेही लागतेच. तारा गेल्या, तरी कोणाला काय ऐकवायचे आणि काय नाही, हे मिक्सरवर बसलेल्यालाच ठरवावे लागते.