जुन्या जीपची न थांबणारी तेलगळती

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या विलीज जीपगाड्यांपैकीं एक माझ्या वडिलांनीं घेतली होती. ती आमच्या शेतावर अद्याप चालते. तीन वर्षांपूर्वीं तिचें इंजिन संपूर्ण उकलून बांधून घेतलें. बोअर केलें, रिंगा, बेअरिंगें व सर्व पॅकिंगें नवीं घातलीं. तरीहि पहिल्याच आठवड्यांत इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालीं तेल ठिबकूं लागलें. मिस्त्रीनें मागचें सील बदललें, गळती तशीच. पुन्हां बदललें; तरी तशीच. प्रत्येक वेळीं गिअरबॉक्स उतरवावा लागे, त्याची मजुरी निराळी.

परंतु मजुरीहून मोठी भीति दुसरीच होती. हें तेल क्लचच्या प्लेटीवर गेलें म्हणजे क्लच घसरतो, आणि आमच्या मळ्याची वाट ओढ्याच्या चढावरून जाते. एके दिवशीं ऐन चढावर कांद्यानें भरलेला ट्रेलर जीपसह मागें सरकूं लागला. मुलानें उडी टाकून चाकाखालीं दगड लावला म्हणून निभावलें. त्या रात्रीं गाडी भंगारांत घालावी असें घरांतील सर्वांचें मत पडलें. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली.

विलीजचें हें चार सिलिंडरांचें इंजिन सुमारें २२०० घनसेंटिमीटरचें व ६० अश्वशक्तीचें आहे. त्याचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरतो. शेवटच्या बेअरिंगामागें तेल अडविण्यासाठीं मूळच्या इंजिनांत दोरीसारखें विणलेलें पॅकिंग असतें. अर्धें ब्लॉकांत, अर्धें बेअरिंगाच्या टोपणांत. तें तेलांत भिजवून, गुळगुळीत गोल दांड्यानें खोबणींत रगडून बसवावें लागतें. टोपणाच्या दोहों बाजूंस रबराच्या दोन कांड्या असतात. त्या सुमारें पाव इंच बाहेर राहिल्या पाहिजेत, म्हणजे चेंबर आवळतांना दाबल्या जाऊन फट बुजते. कित्येक मिस्त्री त्या नीटनेटक्या दिसाव्या म्हणून सपाट कापून टाकतात, आणि मग दोष सीलला देतात.

आतां मुख्य गोष्ट अशी कीं, थेंब जेथें पडतो तेथूनच तेल निघतें असें नाहीं. पंख्याचा वारा व गाडीची गति तेलाला मागें ढकलीत नेते, आणि तें अंगाअंगानें उतरून शेवटीं सर्वांत खालच्या कोपऱ्यावरून टपकतें. महसुलांत नोकरी केलेल्या मनुष्यास हें नवें नाहीं. सातबाऱ्यावरची चूक सातबाऱ्यावर सांपडत नाहीं. ती कोणत्या फेरफारांत शिरली हें मागें जाऊन पाहावें लागतें. त्या सांध्याखालीं येणारें तेल मागच्या सीलचें असूं शकतें, तसेंच वरच्या टॅपेट कव्हरचें, कॅमशाफ्टमागें ब्लॉकाचें भोक बुजविणाऱ्या पत्र्याच्या झांकणाचें, किंवा गिअरबॉक्सचेंहि असूं शकतें. गिअरबॉक्सचें तेल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, त्यामुळें तें बोटावर घेतांच ओळखतां येतें.

मीं प्रथम तेलाची पातळी पाहिली. ह्या इंजिनांत पावणेचार लिटरांच्या आसपास तेल मावतें. अधिक भरल्यास चांगलें सीलहि गळेल. नंतर इंजिन बाहेरून डिझेलनें धुऊन पुसून कोरडें केलें व सर्व सांध्यांवर खडूची बारीक पूड उडविली. पंधरा मिनिटें इंजिन जागेवर चालवून बॅटरीच्या उजेडांत वरून खालीं पाहत गेलों. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक ओली रेघ उतरली होती. हल्लीं तेलांत चमकणारा रंग घालून जांभळ्या किरणांच्या दिव्यानें पाहण्याचीहि सोय आहे. पण खडूनें माझें काम भागलें.

कव्हर नवें पॅकिंग घालून बसविलेलें असतां तेथून तेल कां यावें, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर आंतल्या दाबांत होतें. रिंगा कितीहि चांगल्या असोत, जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या बाजूनें चेंबरमध्यें उतरतोच. तो बाहेर काढण्यासाठीं ह्या इंजिनांत एअर क्लीनरमधून तेल भरण्याच्या नळीवाटे ताजी हवा आंत येते, आणि टॅपेटच्या कप्प्यांतून ती एका लहान झडपेवाटे इनटेक मॅनिफोल्डमध्यें ओढली जाते. ही झडप बंद पडली म्हणजे आंत दाब सांचतो, आणि तो जो सांधा दुबळा असेल त्यांतून तेल बाहेर लोटतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याच्या नळीचें टोपण काढावें व तोंडावर पातळ कागद धरावा. तो हलकेंच आंत ओढला गेला पाहिजे. आमचा कागद उडाला व मागोमाग धूर आला! झडपेचा शोध घेतां तिच्या जागीं भरीव बोल्ट आवळलेला आढळला. इंजिन बांधतांना झडप हरवली असावी. दोन सीलें वायां गेलीं तीं ह्या बोल्टापायीं.

नवी झडप घातली. हलवून पाहतां ती आंत खुळखुळली पाहिजे. कव्हर अति आवळल्यानें वांकलें होतें, तें ऐरणीवर सरळ करून बुचाचें पॅकिंग बसविलें. अशा वेळीं सांध्याला सिलिकोनची लगदी भरपूर थापण्याचा मोह होतो, परंतु ती आंत सुटून तेलाच्या पंपाच्या जाळींत अडकली तर बेअरिंगें जळतात. झडप ठीक असूनहि कागद उडत असेल, तर कॉम्प्रेशन मोजावें. सिलिंडरांत चमचाभर तेल सोडतांच आंकडा वाढला, तर रिंगा बसलेल्या नाहींत असें समजावें.

तेल लागलेली क्लचप्लेट मात्र बदलावीच लागली. त्यासाठीं गिअरबॉक्स उतरविला तेव्हां कॅमशाफ्टमागील झांकण कोरडें होतें. सीलला मीं हात लावूं दिला नाहीं. आतां रात्रभर उभ्या गाडीखालीं रुपयाएवढा एक डाग पडतो. दोरीच्या पॅकिंगाकडून याहून अधिक मी मागत नाहीं. कांद्याचा ट्रेलर गेल्या हंगामांत चढ चढून आला, तरी मुलगा अजून मागें दगड ठेवूनच बसतो.