वस्तादांची नावं कुठं लिहायची?

कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. विदर्भराजा भीष्मकाची ही राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर, अशी वऱ्हाडाची श्रद्धा. आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला निघते आणि ही वारी १५९४ पासूनची असल्याचं परंपरा सांगते. ऊन, पाऊस, पेरणीची घाई, काहीही असो, माहेरची माणसं लेकीची पालखी घेऊन चालू लागतात.

याच गावाच्या टेकाडांवर पुरातत्त्वज्ञ डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६८ साली छापून आला. एकाच गावाची आठवण अशी दोन वाटांनी टिकली आहे. एक वाट पायांची, दुसरी नोंदींची. वऱ्हाडातल्या खेळाडूंचा, त्याहून जास्त त्यांना घडवणाऱ्यांचा विचार मनात येतो तेव्हा मला कौंडण्यपूर आठवतं. या माणसांच्या वाट्याला पालखीही आली नाही आणि अहवालही.

त्या भागातल्या एका गावच्या तालमीत मी गेलो होतो. लाल माती नुकतीच खणून ठेवली होती, ताक आणि हळदीचा वास दरवळत होता. कोनाड्यात शेंदरी मारुती आणि वर भिंतीवर ओळीने तसबिरी. एका फोटोत लंगोट लावलेले अकरा जण छाती काढून उभे होते. मधोमध खुर्चीवर फेटेवाले वस्ताद, त्यांच्या मांडीवर गदा. मी नावं विचारली. तिथल्या वयोवृद्ध पैलवानांनी तिघांची सांगितली, चौथ्यापाशी थांबले. वस्तादांना सगळे ‘दादा’च म्हणत, पाळण्यातलं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तसबीर उतरवून उलटी केली, तर मागचा पुठ्ठा कोराच होता.

ज्या जिल्ह्यातली ही तसबीर, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी देशातली एक नामांकित व्यायामसंस्था उभी आहे. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या भावांनी अमरावतीत एक आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलं. काळ पारतंत्र्याचा. तरुणाचं शरीर कमवणं ही तेव्हा केवळ आरोग्याची बाब नव्हती, त्यात देशाचंही काम होतं. हुतात्मा राजगुरू व्यायामशिक्षणासाठी याच मंडळात राहून गेले, हे अमरावतीकर आजही अभिमानाने सांगतात. आखाडा, लेझीम, लाठी, मल्लखांब, हुतुतू, खो-खो ही सगळी देशी विद्या मंडळाने एका छपराखाली आणली, तिला अभ्यासक्रमाची शिस्त लावली आणि शिक्षक तयार करून गावोगाव पाठवले. मंडळाचं मोठेपण मला या शेवटच्या कामात दिसतं. पैलवान घडवणाऱ्या तालमी महाराष्ट्रात पुष्कळ होत्या. शिकवणारा घडवायचा, हे मात्र थोड्यांनाच सुचलं.

मल्लखांबाचंच बघा. सागाचा किंवा शिसवीचा खांब, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला अंग, मान आणि माथ्यावर बोंड. एरंडेल चोळून तो गुळगुळीत करतात. पोरगं पहिल्यांदा त्याला मिठी मारतं तेव्हा घसरून खालीच येतं. मांडीची पकड कुठं घट्ट करायची, अंगठा कुठं रुतवायचा, श्वास कधी सोडायचा, हे पुस्तक वाचून कळत नाही. खालून कुणीतरी तळव्याला हात देऊन वर सारतो. कित्येक महिने तो हात तिथं असतो, मग एक दिवस निघून जातो. पोरगं बोंडावर पोटाच्या आधाराने मोर करतं, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. खालचा माणूस तेव्हा गादी सरकवत असतो.

१९३६ साली मंडळाचं पथक बर्लिनला गेलं. ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथं जमलेल्या जगासमोर वऱ्हाडातल्या या मुलांनी हुतुतू, खो-खो आणि मल्लखांब करून दाखवले. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. तो विजय शाळकरी पोरालाही पाठ आहे, तसा तो असायलाच हवा. अमरावतीच्या त्या पथकातली किती नावं आपल्याला सांगता येतात? पुढे १९४९ साली स्वीडनमध्ये लिंगियाड हा व्यायामोत्सव भरला, तिथंही मंडळाचं पथक गेलं होतं. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी, म्हणजे आपला हुतुतूच, पदकाचा खेळ झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारताने मिळवली. या दोन्ही खेळांना परदेशातलं मैदान दाखवणाऱ्या पहिल्या काही जणांत ही वऱ्हाडी माणसं होती.

अशी नावं जपून ठेवायची रीत दुसरीकडे आहे. पथक बर्लिनला गेलं त्याच १९३६ साली अमेरिकेत कूपर्सटाउनच्या बेसबॉल गौरवदालनासाठी पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली. दालनाची इमारत उघडली १९३९ साली, म्हणजे नावं आधी ठरली आणि भिंती मागून आल्या. तिथं खेळाडूची निवृत्ती होऊन पाच वर्षं जावी लागतात आणि मतदार पत्रकारांपैकी ७५ टक्क्यांनी कौल द्यावा लागतो. मला मात्र कॅनडातल्या आइस हॉकीच्या गौरवदालनाची पद्धत अधिक जवळची वाटते. तिथं खेळाडूंबरोबर ‘बांधणाऱ्यां’चा वेगळा वर्ग पहिल्यापासून आहे. प्रशिक्षक, संघ उभा करणारा, खेळाचा कारभार वाहणारा, हे सगळे त्यात येतात. पुढे पंचांचाही वेगळा वर्ग झाला.

आपल्याकडे मान देण्याची रीत नाही असं नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आहे, गुरूंसाठी द्रोणाचार्य १९८५ पासून. राज्याच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांत मार्गदर्शक आणि जीवनगौरव हे विभाग आहेत. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अमरावतीला घरचं कार्य झाल्यासारखं वाटलं. पण पुरस्कार एका दिवसाचा असतो आणि अनेकदा तो उशिरा येतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. ते १९८४ साली गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. ऑलिंपिक-पॅरालिंपिकच्या पदकवीरांची ही कथा, मग गावच्या वस्तादाची फाइल कोण चालवणार?

आज वऱ्हाडाचा खेळाडू पुन्हा दूरवर दिसतो आहे. अमरावतीचे स्वप्नील धोपाडे बुद्धिबळातले ग्रँडमास्टर झाले. अमरावतीतच जन्मलेला जितेश शर्मा २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतासाठी पहिला सामना खेळला, आणि त्या संघाने सुवर्ण जिंकलं. अकोल्याच्या अथर्व तायडेने विदर्भाच्या रणजी संघात जागा मिळवली. यांची नावं आकडेवारीत आपोआप नोंदली जातील. पण सकाळी सहा वाजता मैदानावर पाणी मारणारा, स्वतःच्या पगारातून चेंडू आणणारा, पोरांना सायकलच्या दांडीवर बसवून सामन्याला नेणारा माणूस कुठल्याच धावफलकात येत नाही.

म्हणून वऱ्हाडचं क्रीडा गौरवदालन हवं, आणि ते अमरावतीत हवं. त्यासाठी आधी जागा आणि मग निधी मागत बसण्याचं कारण नाही. पहिलं काम वहीचं आहे. तालुक्यागणिक एक नोंदवही असावी. तीत तालीम कुठली, मैदान कुठलं, शिकवणारा कोण, त्याच्या हाताखालून कोण गेलं आणि हे सांगणारा कोण, एवढं लिहावं. सांगणाऱ्याचं नाव हवंच, कारण ऐकीव मोठेपण नोंदीत शिरलं की सगळी वही खोटी पडते. निवड करणाऱ्या मंडळींत निम्मे तरी खेळाशी जन्म घालवलेले असावेत, चालू पदाधिकारी नसावेत. आणि गौरवाच्या दोन ओळी असाव्यात, खेळलेल्यांची आणि घडवणाऱ्यांची. दोन्ही एकाच उंचीवर, एकाच अक्षरांत.

दरवर्षी राज्य क्रीडा दिनाला ही वही उघडावी, नवी नावं मोठ्याने वाचावीत आणि त्या माणसांना, ती नसतील तर त्यांच्या लेकीसुनांना, समोर बसवावं. इमारत जेव्हा होईल तेव्हा होईल.

वाचकांकडे एक मागणं आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पेटी खाली आली असेल. तीत वडिलांच्या किंवा आजोबांच्या आखाड्याचा, कबड्डी संघाचा, शाळेच्या मैदानाचा एखादा फोटो सापडेल. तो पुन्हा पेटीत टाकू नका. ज्यांना ओळखी पटतात अशी माणसं घरात किंवा गावात अजून असतील. त्यांच्याशेजारी बसा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या, मधल्या खुर्चीवरच्या माणसाचं सगळ्यात आधी.