शब्दागणिक मजुरी, पण अर्थाची जबाबदारी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात सीमेवरच्या एका गावी अंगणवाडीच्या भिंतीवर आम्ही एक पत्रक पाहिले. कागद गुळगुळीत, चित्रे रंगीत आणि खाली एका परदेशी विकास संस्थेचे बोधचिन्ह. मजकूर मराठी होता असे म्हणायचे, कारण अक्षरे देवनागरी होती. पहिलेच वाक्य असे : ‘सर्व भागधारकांनी बालकांच्या अतिसार व्यवस्थापनात सक्रिय सहभाग सुनिश्चित करावा.’ आम्ही ते मोठ्याने वाचले, तेव्हा मदतनीस मावशींनी विचारले, ‘‘भागधारक म्हणजे कारखान्याचे शेअरवाले ना? त्यांचा हितं काय संबंध?’’

मावशींचे काहीच चुकले नव्हते. आपल्या भागात भागधारक म्हटले की साखर कारखाना किंवा सोसायटीच आठवते. मूळ इंग्रजी शब्द होता ‘स्टेकहोल्डर’, म्हणजे या कामाशी ज्यांचा संबंध येतो ते सर्व : आई, बाप, आजी, अंगणवाडीताई, आशाताई. कुणीतरी ‘स्टेक’ला ‘शेअर’ समजले आणि मुलाला जुलाब झाल्यावर काय करावे हे सांगायला निघालेला कागद कारखान्याच्या वार्षिक सभेत जाऊन बसला.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. हा मजकूर कुणी लिहिला, कुणी तपासला, त्याला किती पैसे मिळाले आणि चूक झाली तर उत्तर कुणी द्यायचे, हे प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात. आपल्या गावातील दवाखान्याच्या भिंती, शाळेचे फळे आणि बचत गटांच्या वह्या आज अशाच मजकुरावर चालतात.

कामापुरते माणूस

मोठ्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थांकडे भाषेचा कायम नोकरवर्ग थोडा असतो. अहवाल, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, पत्रके, यशोगाथा हे सारे बरेचसे बाहेरच्या लोकांकडून करून घेतले जाते. आधी जाहिरात निघते. अर्जासोबत जुन्या लिखाणाचे नमुने मागवतात. मग चाचणी होते आणि निवडलेल्यांची नावे एका यादीत जातात. काम निघाले की यादीतल्या कुणाला तरी निरोप येतो. मोबदला शब्दागणिक, पानामागे किंवा दिवसाच्या हिशेबाने ठरतो. काम संपले की संबंध संपला. यांना लेखक म्हणा, संपादक म्हणा, मुद्रितशोधक म्हणा. नोकरीच्या भाषेत ते कामापुरते माणूस.

या व्यवस्थेत मुळात वाईट काही नाही. घर सांभाळणारी बाई, निवृत्त शिक्षक, शहरात जाऊ न शकलेला पदवीधर यांना ती घरबसल्या चार पैसे देते. पण ती कशी चालते हे जवळून पाहावे म्हणून आम्ही बडोद्याला गेलो, तेही मुद्दाम वाडी भागात.

बडोदेच का?

वाचकहो, बडोद्याची मराठी ही आपल्या मराठीसारखीच राज्याच्या सीमेपलीकडे राहिलेली मराठी आहे. गायकवाडांबरोबर ती अठराव्या शतकात तेथे गेली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत राहिले. वाडी, दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांतील मराठी घरे मात्र तेथेच राहिली. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी असा त्यांचा व्यवहार. आपल्याकडे गुजरातीच्या जागी कानडी किंवा कोकणी ठेवा, चित्र तेच.

दुसरे कारण असे, की मजकूर लिहवून घेण्याचे काम राज्यकारभाराचा भाग म्हणून कसे करावे, याचा धडा याच शहरात शंभर वर्षांपूर्वी घातला गेला. सयाजीराव महाराजांच्या सेवेत गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली आले. पुढे ‘मराठी रियासत’ लिहिणारे ते हेच रियासतकार. १९१२ साली बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली. त्या निमित्ताने महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून देशी भाषांत पुस्तके लिहवून घेण्याची सोय केली. श्रीसयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठीची बालज्ञानमाला यांतून उभ्या राहिल्या. पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’ हा कारभारी शब्दांचा कोश निघाला. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली शब्द मांडले आहेत.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. आधी पैशाची कायम तरतूद, मग लिहिणारा माणूस आणि त्याच्या हाताशी ठरलेल्या शब्दांचा कोश. आजच्या विकास संस्थांच्या भाषेत सांगायचे तर अंदाजपत्रक, लेखक आणि शब्दसूची. यातले एक जरी गळाले तरी भागधारक जन्माला येतात.

वाडीतील एक घर

वाडीत आम्ही ज्यांना भेटलो त्या बाईंनी नाव न छापण्याची अट घातली; ती आम्ही पाळतो. मुले शाळेत गेली की त्या संगणक उघडतात. बालआरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचा मराठी आणि गुजराती मजकूर तपासणे हे त्यांचे काम.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग येथे द्यायलाच हवा. जलसंजीवनीचे पत्रक तपासायला आले होते. ‘एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळा,’ हे मूळ इंग्रजीतही होते आणि मराठीतही. चित्रात मात्र आई पेल्यात पाकीट ओतताना दाखवली होती. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते आणि लहान पाकीट दोनशे मिलिलिटरसाठी, म्हणजे साधारण एका पेल्यासाठी. मोठे पाकीट पेल्यात घातले तर मिठाचे प्रमाण भलतेच वाढते आणि ते बाळाच्या जिवावर बेतू शकते. लहान पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर ते पाणी असून नसून सारखेच. बाईंनी संस्थेला उलट पत्र लिहिले : पाकीट कोणते ते नक्की करा आणि चित्र बदला. छपाई चार दिवस थांबली, पण चित्र बदलले.

‘‘मला पैसे व्याकरणाचे देतात,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण त्या दिवशी व्याकरणात चूक नव्हतीच.’’

त्याच पत्रकात ‘अतिसार’ काढून त्यांनी ‘जुलाब’ लिहिले. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस द्यायची, हे वाक्य चौथ्या ओळीतून पहिल्या ओळीत आणले. कारण त्यांना ठाऊक होते की जुलाब थांबले की घरातली आजी म्हणते, आता कशाला औषध? हे ज्ञान शब्दकोशात मिळत नाही. ते त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडे असते, आणि संस्था पैसे मोजते ते खरे म्हणजे याचे. निदान तसे मोजायला हवेत.

आमचाही अनुभव

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका संस्थेच्या यादीसाठी अर्ज केला होता. चाचणी म्हणून दोन हजार शब्दांचा मजकूर आला आणि तीन दिवसांची मुदत. आम्ही रात्री जागून तो पुरा केला. पुढे कळवण्यात आले की आमची निवड झाली नाही. काही महिन्यांनी एका कार्यक्रमात छापील पुस्तिका हाती आली. त्यात आमचीच वाक्ये होती, आमच्या एका चुकीसकट. आम्ही भांडलो नाही, कारण भांडायला हातात कागदच नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी शिकलो. आपल्या गावातील मुलामुलींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्या येथे देतो.

एक, चाचणी दोनतीनशे शब्दांची असावी. त्याहून मोठी असेल तर तिचे पैसे मागावेत. दोन, कामाचा तपशील, मुदत, दर आणि दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावे. तीन, शब्द कोणत्या भाषेतले मोजणार ते विचारावे. ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे इंग्रजीत पाच शब्द होतात; आपल्या मराठीत ‘घरासमोर’ हा एकच. मराठी शब्द मोजले तर तेच काम करून हाती कमी पैसे येतात. त्यामुळे मूळ मजकुराच्या शब्दांवर दर ठरवणे बरे.

चार, हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, जो नोकरीत नाही अशा लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो लेखकच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या करारात बहुधा सगळे हक्क संस्थेकडे जातात. ते मान्य करावे की नाही हा आपला प्रश्न; पण सही करण्यापूर्वी ते कलम वाचलेले असावे. पाच, देशी संस्था पैसे देताना कर कापून घेते; त्याचा दाखला मागून घ्यावा आणि विवरणपत्र भरावे. सहा, आणि ही गोष्ट आईवडिलांनीही ध्यानात ठेवावी : संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीसाठी अर्जदाराकडून कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. नोंदणी फी किंवा अनामत मागणारा माणूस ठग समजावा.

पाय घसरण्याच्या जागा

या कामावरच संसार उभा करावा असे मात्र आम्ही कुणाला सांगणार नाही. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि संस्थांच्या कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही तिची मदत संस्था कामकाजातून गेली. जगभरातील अनेक प्रकल्प त्यात बंद पडले. असे झाले की कायम नोकराला निदान नोटीस मिळते. कामापुरत्या माणसाला फक्त निरोप येणे बंद होते.

त्यात आता यंत्र आले आहे. इंग्रजी मजकूर क्षणात मराठी होतो आणि ‘फक्त नजर टाका’ म्हणून कमी दराने माणसाकडे येतो. वाडीतील बाई म्हणाल्या, ‘‘यंत्राचे वाक्य सरळ असते, म्हणून चूक लवकर दिसत नाही. उलट डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते.’’ काम वाढले आणि दर उतरला, असा हा व्यवहार आहे.

संस्थांना सांगणे

म्हणून शेवटी आमचे सांगणे जितके आपल्या मुलांना, तितकेच या संस्थांना आहे. सीमाभागासाठी मराठी मजकूर हवा असेल तर तो दूरच्या महानगरात बसून, सर्वांत कमी दराच्या माणसाकडून करून घेऊ नका. सीमेवरच्या गावांत दोनतीन भाषा लिहिता-वाचता येणारी, दोन्हीकडची बोली कानात असणारी मुलेमुली आहेत. त्यांना यादीत घ्या. शिकवण्यासाठी चार दिवस खर्च करा. तपासणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क द्या आणि त्या वेळेचेही पैसे द्या. छपाईपूर्वी मजकूर एका गावात, पाच बायांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. पुस्तिकेच्या मागे ज्याने भाषा सांभाळली त्याचे नाव छापा. नाव छापले की जबाबदारीही आपोआप येते.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. त्याच बडोद्यात १९९६ साली गणेश देवी यांनी भाषा संशोधन व प्रकाशन केंद्र उभे केले आणि ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासींच्या भाषांतून काढले. ज्या भाषांना लिहिण्याची सवयच नव्हती, त्या तेथे छापल्या गेल्या. मग शतकानुशतके लिहिली जाणारी आपली मराठी नीट लिहून घेणे कुणाला जड का जावे?

अंगणवाडीतील ते पत्रक अजून भिंतीवर आहे. मावशींनी ‘भागधारक’ या शब्दावर पेनाने रेघ मारली आहे आणि वर लिहिले आहे : ‘घरातल्या सगळ्यांनी’. या दुरुस्तीचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत. पण त्या पत्रकाचा खरा संपादक कोण, हे आता गावाला ठाऊक आहे.