मिन्स्कमधील एका विद्यालयाचे बिऱ्हाड

रशियन भाषेत ‘चास’ म्हणजे तास, आणि तिच्या शेजारच्या बेलारूसी भाषेत तोच ‘चास’ म्हणजे काळ. बेलारूसी माणसाला तास म्हणावयाचा असेल तर त्याला ‘हाद्झिना’ म्हणावे लागते. अंतराला काळाने भागले असता वेग मिळतो हा नियम दोन्ही भाषांत एकच असला, तरी फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने तो आपल्या भाषेत सांगावयाचा म्हटला की वेगाला ‘स्कोरस्त’ऐवजी ‘खुत्कास्त्स’ आणि पुढच्या धड्यातील दाबाला ‘दाव्लेनिये’ऐवजी ‘त्सिस्क’ म्हणण्याचे वळण त्याच्या जिभेला पडलेले असावे लागते. आणि हे वळण बेलारूसच्या शहरांत घरी क्वचित पडते, बाजारात पडत नाही, ते पडले तर शाळेतच पडते. मिन्स्क शहरातील ज्या विद्यालयाने हे वळण लावण्याचा वसा घेतला, आणि तो घेतल्यापायी ज्याला आपली इमारत, आपली मान्यता व आपला शिक्का गमवावा लागला, त्याचा परिचय मराठी वाचकांस करून द्यावा असे फार दिवस मनात होते.

हे विद्यालय म्हणजे याकुब कोलास यांच्या नावाचे मानव्यविद्यांचे लिसियम. लिसियम म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठी असलेली, महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी वरच्या इयत्तांची शाळा. सोव्हिएत सत्ता खिळखिळी होत असताना, १९९० साली, ते स्थापन झाले, आणि व्यवसायाने चित्रपट-दिग्दर्शक असलेले उलाद्झिमिर कोलास त्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी बेलारूसी ही प्रजासत्ताकाची एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा अमलात येऊ लागला होता, आणि पुढील तीन-चार वर्षांत देशातील पहिलीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले बेलारूसी माध्यमातून अक्षरे गिरवू लागली होती. त्या दिवसांत हे विद्यालय सरकारमान्य होते, किरोव रस्त्यावर त्याची हक्काची वास्तू होती, आणि तेथे प्रवेश मिळविण्यासाठी मुलांत चुरस असे.

ज्यांचे नाव या विद्यालयाने घेतले त्यांची हकीगत येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. याकुब कोलास (१८८२–१९५६) हे टोपणनाव. मूळ नाव कान्स्तान्त्सिन मित्स्केविच. हे आधुनिक बेलारूसी साहित्याच्या दोन आधारस्तंभांपैकी एक, परंतु पेशाने खेड्यातील शाळामास्तर. १९०६ साली नेमान नदीकाठच्या मिकालायेवश्चिना या गावी शिक्षकांचा एक बेकायदा मेळावा भरला, त्यात भाग घेतल्याबद्दल झारशाहीने त्यांची नोकरी काढून घेतली आणि पुढे १९०८ ते १९११ अशी तीन वर्षे त्यांना मिन्स्कच्या तुरुंगात डांबले. ते तुरुंगात असतानाच, १९०९ साली, बेलारूसी मुलांसाठी त्यांनी रचलेले वाचनाचे पुस्तक सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाले. ‘ना रोस्तान्याख’ या त्यांच्या कादंबरीत्रयीचा नायकही खेड्यात शिकविणारा एक तरुण शिक्षकच आहे. विद्यालयाचे नाव ठेवणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण शिक्षकांच्या मेळाव्यापायी सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेला शिक्षक त्यांनी आपल्या दारावर कोरला होता, हे मला या साऱ्या कथेत फार मोलाचे वाटते.

१९९४ साली आल्याक्सांद्र लुकाशेन्का राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९९५ च्या मे महिन्यातील सार्वमताने रशियनला बेलारूसीच्या बरोबरीचा दर्जा दिला. कागदावर ही समानता. व्यवहारात मात्र कचेरी, कारखाना, सैन्य आणि विद्यापीठ ही सारी रशियन बोलणारी असल्यामुळे पालकांनी आपली मुले रशियन वर्गांत घालण्यास आरंभ केला. अशी ओहोटी लागली असता शहराच्या मध्यभागी एक शाळा भरतीच्या जोमाने चालली आहे, तेथील मुले गणितही बेलारूसीत सोडवितात आणि प्रश्नही बेलारूसीत विचारतात, हे सत्तेला खुपणे स्वाभाविक होते. २००३ साली प्रमुखाच्या जागी वरून पाठविलेली व्यक्ती बसविण्याचा घाट घातला गेला. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांनी ती नेमणूक मान्य केली नाही. त्याच वर्षाच्या २५ जूनला मंत्रिमंडळाने हुकूम काढून विद्यालयच बरखास्त केले.

बेलारूसमध्ये शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. मुले त्या दिवशी फुलांचे गुच्छ घेऊन येतात. या विद्यालयाच्या मुलांनी त्या वर्षी आपले शिक्षण बंद पडू दिले नाही. बंद दारांबाहेर उघड्यावर धडे झाले, मग वर्ग खाजगी घरांत भरू लागले, आणि दरवर्षी काही आठवडे सारे विद्यालय सीमेपलीकडे पोलंडात जाऊन तेथील शाळांच्या आश्रयाने अभ्यास करू लागले. आपल्याकडे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे या विद्यालयाचे बिऱ्हाड झाले. ते कोणत्या वस्तीतील कोणत्या घरात भरले, तेथे कोण शिकवीत, हे लिहिणे मी मुद्दाम टाळतो. अशा घराचा पत्ता ही सर्वात आधी जपावयाची वस्तू असते. मात्र प्रवेशाची परीक्षा, वेळापत्रक, गुण, नापास होण्याची धास्ती, हे सारे त्यांनी कायम ठेवले. सरकारने मान्यता काढली म्हणून त्यांनी आपली कसोटी सैल केली नाही.

आता मला जो मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. बेलारूसमध्ये बेलारूसी शिकविण्यास बंदी नाही. प्रत्येक शाळेत ती विषय म्हणून असते, तिचे तास होतात, परीक्षा होते. २००३ च्याच सप्टेंबरात पोलात्स्क शहरी ‘ў’ या अक्षराचे स्मारकही उभे राहिले. हे ‘ў’ अक्षर बेलारूसी लिपीची खूण होय. आपल्या ‘ळ’वरून जशी मराठी ओळखावी, तसे ते दिसताच मजकूर शेजारच्या रशियनमधला नसून बेलारूसी आहे हे कळते. भाषेला पुतळ्याचा किंवा विषयाचा मान देण्यास सत्तेची ना नाही. तिचा आक्षेप आहे तो या भाषेत रसायनशास्त्र शिकण्याला, भांडण्याला, विनोद करण्याला. कारण ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत तो पुढे आपला जाबही विचारू लागतो. विद्यालयाने भाषेला विषयाच्या चौकटीतून उचलून माध्यमाच्या जागी बसविले, एवढाच त्याचा अपराध.

खेड्यातून शहरात आलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी तेथे एक मिश्र बोली रुळली आहे. तिला ‘त्रास्यांका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ गुरांपुढे टाकावयाचे गवत व पेंढा यांचे मिश्रण. आपल्या आईबापांच्या बोलण्याला गुरांच्या वैरणीचे नाव मिळालेले ज्याने लहानपणापासून ऐकले, त्याला दुकानात रशियन ‘स्पासिबा’ न म्हणता बेलारूसी ‘ज्याकुय’ म्हणावयास किती धीर लागत असेल! २०१९ च्या जनगणनेत ५४ टक्के लोकांनी बेलारूसी ही मातृभाषा म्हणून नोंदविली. घरी ती बोलतो असे सांगणारे मात्र २६ टक्केच निघाले. मातृभाषा म्हणून जिचा उच्चार करावयाचा आणि घरात जी काढावयाची नाही, अशी अवस्था या दोन आकड्यांच्या मध्ये दडलेली आहे. आणि विद्यालयाचे सारे काम त्या मधल्या जागेतच चालले.

या विद्यालयाच्या मुलांवर मिरोस्वाव देम्बिन्स्की या पोलिश दिग्दर्शकाने २००६ साली ‘बेलारूसीचा धडा’ या नावाचा अनुबोधपट केला. त्यात दिसणारा फ्रानाक व्याचोरका हा विद्यार्थी पुढे निर्वासित विरोधी पक्षाच्या नेत्या स्व्यात्लाना त्सिखानोव्स्काया यांचा सल्लागार झाला. २०२० च्या निवडणुकीनंतर धरपकडीचे सत्र सुरू झाले तेव्हा रस्त्यात बेलारूसी बोलणे हेच संशयाचे निमित्त ठरू लागले. १९८९ पासून चाललेली, फ्रान्त्सिस्क स्कारिना यांच्या नावाची बेलारूसी भाषा संस्था २०२१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने मोडीत निघाली.

मान्यता गेल्यावर विद्यालयाला स्वतःचे प्रमाणपत्र देता येत नसे. म्हणून शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एखाद्या सरकारी शाळेत बहिःस्थ म्हणून नाव नोंदवी, अनोळखी शिक्षकांपुढे परीक्षेस बसे आणि उत्तीर्ण होई. दाखला त्या शाळेचा मिळे, शिक्का त्या शाळेचा असे. ज्या घरातल्या फळ्यापुढे उभे राहून तो ‘खुत्कास्त्स’ म्हणावयास शिकला, त्या घराचा त्यावर कोठेही उल्लेख नसे. तो कागद नीट घडी करून तो खिशात ठेवी, आणि पुढच्या सप्टेंबरात त्याच्या जागी दुसरा मुलगा येऊन बसे.