मधल्या दाराशी बसलेला निरोप्या

आमचं घर नागपूरच्या महालातलं, जुन्या बांधणीचं. भिंती दीड-दोन फुटांच्या. वायफायचा राऊटर पुढच्या बैठकीत आणि ताईची खाट चौकापलीकडच्या मागच्या खोलीत. तिला आता चालवत नाही. लेक अमेरिकेत. रविवारी सकाळी तिचा चेहरा मोबाईलवर दिसला की ताईचा आठवडा सुरू होतो.

हिवाळ्यात कसंबसं जमायचं. एप्रिलमध्ये ताईच्या दारात कूलर लागला आणि लेकीचा चेहरा थिजू लागला.

"आबा, कूलरचा पत्रा लहरी अडवतो अन् ओल्या ताट्यांतलं पाणी त्या शोषतं," दहावीतला नातू म्हणाला. आता नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर काढा, असं कोण कुणाला म्हणणार?

त्याने कपाटातून रास्पबेरी पाय काढला. पत्त्यांच्या जोडाएवढा हा संगणक मुलांनी शिकावं म्हणून ब्रिटनमध्ये निघाला, 2012 साली. याच्या अंगात वायफाय होतंच. नातवाने यूएसबीला दुसरं बोटभर यंत्र जोडलं. एकाने राऊटरचं ऐकायचं, दुसऱ्याने पुढे सांगायचं. एकाच यंत्राला दोन्ही कामं दिली तर ती आळीपाळीने होतात आणि वेग जवळजवळ निम्मा होतो. दोघांना चॅनलही वेगळे दिले, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात बोलणं नको.

डबा ताईच्या उशाशी ठेवला. फरक शून्य!

तेव्हा मला बँकेतले दिवस आठवले. 1985च्या सुमारास चंद्रपूरपलीकडच्या शाखेतून नागपूरला ट्रंक कॉलने आकडे कळवायचे. थेट ऐकू येत नसे. चंद्रपूरचा सहकारी ते ऐकून पुढे सांगायचा. तो आमच्याच गावात बसला असता तर उपयोग काय? निरोप्याला आधी स्वतःला नीट ऐकू यायला हवं. डबा चौकाच्या अलीकडच्या दाराशी, कूलरला वळसा पडेल असा ठेवला, आणि चित्र हललं.

आमच्या लहानपणी रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे. वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी 2005 साली, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, विनापरवाना मोकळी झाली. म्हणून तर घरातलं पोर हा खटाटोप करू शकतं. हेच काम मोठ्या अंतरावर आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघरच्या खेड्यांत केलं. दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी झाडाझुडपांतून बऱ्या जातात. त्यांच्यावरून इंटरनेट गावापर्यंत नेलं आणि गावात वायफायने वाटलं. तिथेही प्रश्न आमच्यासारखाच होता: शेवटच्या खोलीपर्यंत कसं पोचायचं?

त्या रविवारी ताई बराच वेळ मोबाईलकडे नुसती बघत राहिली. लेकीचे केस पांढरे झालेत, हे तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं होतं.

"तेल लावत जा गं डोक्याला," ती म्हणाली.